भारी धानाचं शेवटचं पाणी

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका तळ्याच्या पाळीवर सकाळीच वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि तळ्याकडे मात्र कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा पाळीच्या पलीकडे, खाली उतरत गेलेल्या बांध्यांवर, म्हणजे धानाच्या खाचरांवर होत्या. वरच्या बांध्यांतला हलका धान पिवळा होऊन कापणीला आलेला. काहींचा तर कापूनही झालेला, कडपा बांधीतच वाळत पडलेल्या. खालच्या बांध्यांतला भारी धान अजून हिरवा, नुकता निसवलेला, लोंबीत दाणा भरायचा. हस्ताचा पाऊस यंदा आलाच नव्हता. आठ-दहा दिवसांत ओल मिळाली नाही, तर लोंब्या दिसतील भरदार आणि मळणीला निघेल निव्वळ पोचट.

मग गेट उघडा आणि पाणी सोडा, असं बाहेरचा माणूस म्हणेल. धानपट्ट्यात ते इतकं सरळ नसतं. इथे प्रत्येक शेताला वेगळी चारी नाही. पाणी बांधीतून बांधीत उतरतं. वरच्याने आपला धुरा फोडून दिला तरच ते खालच्याला मिळतं. आणि वरच्याच्या बांधीत कडपा पडल्या आहेत. त्या भिजल्या की दाण्याला कोंब फुटतो, व्यापारी भाव पाडतो. "आधी माह्या कडपा उचलू द्या जी, मंग सोडा पानी," असं एक म्हातारे शेतकरी पुन्हा पुन्हा सांगत होते. तोवर माझा धान वाळून जाईल, हे खालच्याचं उत्तर.

जरा बाजूला ढीवर समाजाची चार माणसं उभी होती. तळ्यात त्यांच्या संस्थेने सोडलेली रोहू आणि कटल्याची बोटुकली आता कुठे अर्ध्या किलोच्या आसपास आलेली. तळं आत्ताच उतरलं तर उन्हाळ्यापर्यंत मासा वाढायला पाणीच उरणार नाही. त्यांना गेट बंद हवं होतं, पण तसं मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, कारण त्यांच्यातल्या दोघांच्या नातेवाइकांचा भारी धानही खालीच होता. आणि एक गट असा होता, जो काहीच बोलत नव्हता. तळ्याच्या वरच्या उथळ काठाला आत सरकत सरकत ज्यांनी बांध्या पाडल्या आहेत, ती ही माणसं. तळं भरलं की त्यांचं पीक बुडतं. त्यांना पाणी सोडायलाच हवं होतं. कोणाला दिलं जातंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

निसर्गाने दिलेलं धन गाव राखतं म्हणजे नेमकं काय करतं, ते बघायला मी गेलो होतो. मी जे पाहिलं ते हे असं होतं: पाळीवरचं भांडण. ते दुपारपर्यंत चाललं. शेवटी ठरलं, की दोन दिवसांत वरच्यांनी कडपा उचलायच्या, गावातल्या पोरांनी त्यांना हात द्यायचा, मग गेट उघडायचं आणि पाळीच्या आतल्या बाजूला जो एक मोठा पांढरा दगड आहे, तिथवर पाणी उतरलं की बंद करायचं. त्या दगडाखालचं पाणी माशांचं. कुठे लिहिलं नाही, कोणी सही केली नाही.

कोहळ्यांची नजर

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत पाऊस भरपूर, वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास. मराठवाड्यातल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल. पण धानाला वर्षाचा पाऊस कळत नाही. त्याला रोवणीच्या वेळी चिखल लागतो आणि निसवताना ओल लागते. या दोन वेळांपैकी एकदा जरी पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली तरी घरात पायलीभर धान कमी येत नाही, अर्धं पीक कमी येतं. इथली तळी मुळात तेवढ्या दडीसाठी बांधलेली आहेत. दुसऱ्या पिकाची हाव त्यांच्या आखणीत फारशी नाही. खुद्द तळी बांधणाऱ्यांनी थोडा ऊस लावला, गूळ काढला, ते वेगळं.

बांधणारे कोहळी. वैनगंगेच्या खोऱ्यातली ही शेतकरी जात. आम्ही बनारसहून आलो, असं त्यांची परंपरा सांगते. चांद्याचा गोंड राजा हीरशहा याने असा हुकूम काढल्याची आठवण लोक अजून सांगतात, की जो तळं बांधेल त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन. १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने कोहळ्यांची ओळखच तळी बांधणारे अशी करून दिली आहे आणि नवेगाव व शिवनी इथल्या तळ्यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. मराठी वाचकाला त्यातलं नवेगावबांध मारुती चितमपल्लींच्या लिखाणातून माहीत आहे. वनाधिकारी म्हणून ते तिथे राहिले होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने ते बांधलं, असं मानतात. बांधून झाल्यावर लोकांनी त्याचा देव केला. कोलासुर देवाचं ठाणं पाळीवरच आहे. भोवतालच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात आणि त्यांनी कोलू पाटलाला कामात मदत केली, अशी कथा आहे. ही कथा मला स्थापत्यशास्त्र म्हणूनही पटते. दोन टेकड्यांच्या मधली खिंड शोधायची आणि तेवढीच अडवायची, म्हणजे बाकीची भिंत डोंगर उभी करून देतात. सातही बहिणींनी खरोखरच हातभार लावलेला आहे.

मोजमापाची यंत्रं नसताना त्यांनी उतार कसा वाचला असेल? आज या भागात पायी फिरलं तर थोडा अंदाज येतो. वर जंगल, म्हणजे माती कमी वाहून येते. जंगलाच्या पायथ्याला तळं. त्याखाली बांध्या. गाव एका अंगाला, थोड्या उंचवट्यावर. पाळ उंच बांधण्यापेक्षा लांब बांधलेली. सांडवा शक्य तिथे पाळीच्या टोकाला, मूळच्या कठीण जमिनीत काढलेला, म्हणजे पुराचं पाणी मातीची पाळ खरवडत नाही. आणि सांडव्यातून निघालेलं पाणी नाल्याने थेट नदीला न जाता खालच्या तळ्यात. त्याचा सांडवा आणखी खालच्या तळ्यात. पूर्व विदर्भात अशी सहा हजार आठशेहून अधिक तळी सरकारी नोंदीत आहेत, आणि शेतकऱ्यांच्या खासगी बोड्या धरल्या तर गिनती कुठल्या कुठे जाईल. एकेकटं तळं बघून या व्यवस्थेचा काही पत्ता लागत नाही. वरचं फुटलं तर त्या लोंढ्याने खालचंही फुटतं; वरच्याची पाळ हे म्हणून खालच्या गावाचंही काम असतं, किंवा असायचं.

तळी परातीसारखी उथळ. मधोमध पुरुषभर-दोन पुरुष पाणी, आणि काठाकडे चढत चढत शेवटी घोट्याएवढं. एका बाजूला तर पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते, ते दर पंधरवड्याला बदलतं. या उथळ काठाकडे बघून शहरी माणसाला वाटतं, जागा वाया गेली. तळ्याचा सगळा संसार मात्र तिथेच चालतो. ते पुढे येईल.

मालक बदलला तेव्हा

नागपूरचं राज्य इंग्रजांनी घेतलं आणि १८६०च्या दशकात जमीनबंदोबस्त करताना सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी दिली. तळीही त्यांच्या नावावर चढली. मात्र त्याच बंदोबस्तात गावच्या रीतीभाती वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तात उतरल्या: कोणाला कोणत्या तळ्याचं पाणी घेता येईल, गुरं कुठे प्यायला न्यायची, निस्तार म्हणून, म्हणजे रोजच्या गरजेपुरतं, काय काय हक्काने घेता येईल. मालक एक आणि वापरणारे अनेक, असा तो मामला होता.

ते दिवस सोन्याचे होते, असं म्हणणारी माणसं आजही भेटतात, आणि बहुतेक वेळा ती त्या काळच्या मालकांच्या घरची असतात. पाळ दुरुस्त व्हायची हे खरं. ती कोणाच्या घामाने व्हायची, ते मजुरांच्या नातवांना विचारावं. उन्हाळ्यात माती टाकायला घरटी माणूस द्यावा लागे आणि त्याचा मोबदला मालकाच्या मर्जीवर असे. ढीवरांनी मासे धरायचे, पहिला चांगला मासा वाड्यावर पोचवायचा. पण एवढं मान्य करावं लागतं, की पाळीला भगदाड पडलं तर रात्री कोणाचं दार वाजवायचं, हे तेव्हा प्रत्येकाला ठाऊक होतं.

३१ मार्च १९५१ रोजी ते दार बंद झालं. मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा आदल्या वर्षी झाला होता. त्या दिवसापासून तळी सरकारची झाली. कायदा योग्यच होता. जमिनीचं काय करायचं, याचा विचार त्यात बारकाईने केलेला होता. तळ्यांचं काय करायचं, याचा तितका नव्हता. १९५६ साली हा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, १९६२ साली जिल्हा परिषदा निघाल्या, १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. दर वेळी तळ्यांची कागदपत्रं एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली. लहान तळी जिल्हा परिषदेकडे, मोठी पाटबंधारे खात्याकडे. पाण्यावर पट्टी बसली. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हक्काचं असलेलं पाणी सरकार आम्हालाच विकणार का, या प्रश्नावर लोकांनी आंदोलनं केली. सरकारला पट्टीतून मिळणारे पैसे दुरुस्तीला पुरेनात, आणि दुरुस्ती होत नाही म्हणून लोक पट्टी देईनात.

त्याच वेळी शहाणपणाची सगळी दिशा मोठ्या धरणांकडे वळली होती. याच तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालं. पुढे वैनगंगेवर गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. ३७२ कोटींचं अंदाजपत्रक पुढे अनेक हजार कोटींवर गेलं. धरणांनी काही दिलं नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. ज्यांच्या बांधीपर्यंत कालवा आला, ते त्याच्या पाण्यावर आज उन्हाळी धानही घेतात. पण तळ्याच्या पाळीवर उगवलेलं झाड वेळीच उपटणं, उंदरा-खेकड्यांनी पाडलेली बिळं चिखलाने बुजवणं, सांडव्यात अडकलेला पालापाचोळा पहिल्या पावसाआधी काढणं, ही कामं कोणत्याच कपाटात गेली नाहीत. ती लहान होती. त्यांना निविदा लागत नव्हती. म्हणूनच ती कोणाचीच उरली नाहीत. पाळीवरचं झाड मोठं होतं, मरतं, त्याची मुळं कुजतात, आणि त्या पोकळ वाटेने एका ऑगस्टमध्ये पाणी निघून जातं. मग त्याच पाळीसाठी लाखोंचं काम निघतं.

जेसीबीचा उन्हाळा

अलीकडे सरकारला मामा तलाव पुन्हा आठवले आहेत. माजी मालगुजारी हे नाव एवढं आखूड झालं, तेवढीच त्यांच्याकडे बघण्याची रीतही आखूड झाली, असं मला खोलीकरणाची कामं बघताना वाटत राहिलं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'सारख्या योजना आहेत, पुनरुज्जीवनाचे आराखडे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत तळ्यांत जेसीबी उतरतात, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. बघायला बरं वाटतं. छायाचित्रही चांगलं येतं.

जरा हिशेब करून बघू. समजा, तळ्याचा पसारा चाळीस हेक्टर आहे. जेसीबीने मध्यभागी शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद, तीन मीटर खोल खड्डा काढला. पंधरा हजार घनमीटर माती निघाली. एका हेक्टरला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायचं तर पाचशे घनमीटर लागतं. म्हणजे या खड्ड्यातून तीस हेक्टर भारी धानाचं शेवटचं पाणी निघायला हवं. अहवालात तसं लिहिताही येतं.

आता गेट कुठे आहे ते बघा. जुन्या तळ्यांची गेटं अशा पातळीला बसवलेली आहेत, की उघडली की पाणी आपल्या उताराने बांध्यांत जावं. खड्डा त्या पातळीच्या खाली आहे. त्यातला एक थेंबही गेटमधून बाहेर येणार नाही. तो उपसायला पंप लागेल, वीज लागेल, आणि ज्याच्याकडे पंप आहे त्यालाच ते पाणी मिळेल. सगळ्या बांध्यांचं पाणी दोघा-तिघांचं होतं, आणि हे पुनरुज्जीवनाच्या नावाने होतं.

उलट बाजूने विचार केला, तर त्याच चाळीस हेक्टरांवरून नुसता एक फूट गाळ काढला तरी सव्वा लाख घनमीटरच्या जवळपास माती निघते, म्हणजे अशा आठ खड्ड्यांएवढी. त्यातला गेटच्या पातळीवरचा जो भाग, तेवढी सगळी जागा पुन्हा बांध्यांच्या कामी येते. पूर्वी बैलगाड्यांनी व्हायचं ते साधारण असंच. पाणी आटत जाईल तसतसा उघड्या पडलेल्या भागातला गाळ शेतकरी आपल्या शेतात नेत, आज या बाजूचा, पुढच्या वर्षी त्या बाजूचा. त्यात खड्डा पडायचा नाही. जेसीबीला मात्र पातळ थर खरवडणं परवडत नाही. डिझेलचा हिशेब घनमीटरवर असतो आणि एका जागी उभं राहून खोल जाण्यात घनमीटर लवकर भरतात. त्यातही माती वाहणाऱ्याला पाळीजवळची माती सोयीची, कारण रस्ता पाळीवरच आहे. पाळीच्या आतल्या पायथ्याशी खड्डा काढणं म्हणजे तिच्या पायाखालची जमीन काढून घेणं. शिवाय तळाशी शेकडो वर्षं बसलेला चिकणमातीचा थर एकदा फुटला, की पाणी खाली मुरू लागतं. विहिरींना ते चांगलं, असं कोणी म्हणेल. तळ्याला नाही.

खोलीकरण करूच नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. गाळाने भरलेली तळी आहेत आणि ती मोकळी व्हायला हवीत. मला भेटलेल्या एका तरुण अभियंत्याला हे सगळं नीट माहीत होतं. गेटच्या पातळीचा प्रश्न त्यानेच मला कागदावर रेघा मारून समजावला. काम मात्र घनमीटरवरच मोजलं जातं.

पाण्याखालची लागवड

शेतकऱ्याचं तळं आणि ढीवराचं तळं ही दोन वेगळी तळी आहेत. शेतकऱ्याला पाण्याची पातळी दिसते. ढीवराला पाण्याखाली काय उगवलंय ते दिसतं.

चांगल्या तळ्यात काठावर देवधान, म्हणजे जंगली धान असतं, मधल्या पट्ट्यात कमळ आणि कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांच्या वनस्पती, आणि त्याहून आत पूर्ण बुडून वाढणारी हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम. नावं अर्थात पुस्तकातली. ढिवरांकडे प्रत्येकीला वेगळं नाव आहे, आणि कोणती कुठल्या माशाला खाऊ, कोणती लपायला, कोणती अंडी चिकटवायला, याची माहितीही. मरळ गवतात जागा साफ करून घरटं करते आणि पिल्लं मोठी होईतो राखण करते. पहिल्या मोठ्या पावसात सांडव्यातून, नाल्यातून चढणीचे मासे वर येतात, बुडालेल्या काठावर आणि थेट बांध्यांमध्ये शिरून अंडी घालतात. तो घोट्याएवढा उथळ काठ म्हणजे तळ्याचं बाळंतघर. तिथे बांधी पाडली, किंवा तो खणून उभा कडा केला, की तिथली वीण संपली.

तळी खराब होत गेली तसा त्या काठावर बेशरमीने कब्जा केला. ही अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली झुडपं. गुरं खात नाहीत, तोडली तर तुकड्यातून पुन्हा फुटतात, आणि त्यांच्या जाळीत दुसरं काही उगवत नाही. मासे कमी झाल्यावर उपाय म्हणून आली रोहू, कटला, मृगळ यांची बीजं. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातींकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, आणि देशभरच्या मत्स्यशेतीचं चित्र बदललं. उत्पादन वाढलं, यात शंका नाही. पण हे मासे वाहत्या नदीचे; साठलेल्या तळ्यात ते आपणहून वीण करत नाहीत. म्हणजे दर वर्षी बीज विकत आणायचं, पैसे आधी घालायचे, आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी कर्ज डोक्यावर. गावठी मासा बीज मागत नाही. त्यात काही संस्थांनी गवत्या मासा सोडला, तो पाणवनस्पती खातो. सायप्रिनस सोडला, तो तळाची माती उकरत हिंडतो. पाणी गढूळ झालं, की खाली ऊन पोचत नाही आणि उरलीसुरली वनस्पतीही जाते.

या सगळ्याची उलटी वाट इथल्या काही लोकांनी धरली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबर काम करणारे पतीराम तुमसरे. तुमसरे स्वतः ढीवर, तळ्यावर वाढलेले. राजनकरांकडे नोंदवही होती, तुमसरेंकडे डोळा. अर्जुनी मोरगावच्या नव तलावावर त्यांनी आधी बेशरम काढली, मग कोरड्या तळाची नांगरट केली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या, अजून जिवंत असलेल्या तळ्यांतून वनस्पती आणून लावल्या. पुढे शालू कोल्हे यांच्यासारख्या ढीवर स्त्रियांनी गावोगावच्या बचतगटांना या कामात ओढलं, तेव्हा ते एका तळ्यापुरतं राहिलं नाही.

अशाच एका तळ्यावर लागवड कशी करतात ते मी विचारलं, तर बायका हसायला लागल्या. रोवणीसारखीच, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत परहे रोवलेत, आता आपल्या तळ्यात रोवतो. फरक एवढाच, की इथे पाणी वाढत जाणार हे धरून लावायचं. जूनच्या शेवटी पाणी घोट्याशी असतं तिथे ऑगस्टमध्ये गळ्याशी येईल, तेव्हा बुडून राहणाऱ्या जाती आत लावायच्या, तरंगत्या पानांच्या त्यांच्या मागे, आणि देवधान काठाला. मुळाशी चिखलाचा गोळा ठेवायचा, म्हणजे रोप वर तरंगून येत नाही. पहिलं वर्ष गुरांपासून राखायचं. ज्या तळ्यातून आणतो, तिथलं सगळं उपटायचं नाही. आणि बेशरम तोडायची नाही. खोदून मुळासकट काढायची आणि पाण्यापासून लांब वाळवायची. चिकाटीचं, पाठ मोडणारं काम आहे, आणि दोन पावसाळे गेल्याशिवाय डोळ्यांना काही दिसत नाही. त्यानंतर आधी बारीक मासे दिसू लागतात. बाजारात त्यांना मोठा भाव नसतो, पण घरच्या कालवणात ते रोज लागतात, आणि ठेका असो वा नसो, ते धरायला बाया नेहमीच जात आल्या आहेत.

वनस्पती आल्या की पक्षी येतात. गोंदियात सारसांच्या मोजक्याच जोड्या उरल्या आहेत. महाराष्ट्रात हा पक्षी जवळपास याच पट्ट्यात दिसतो. तो तळ्यात चरतो आणि घरटं धानाच्या बांधीतही करतो. त्याला जगायला अभयारण्यापेक्षा पाळीच्या दोन्ही बाजूंची गावं समजूतदार असणं जास्त गरजेचं आहे.

ठेका आणि हेड

पाण्यावर शेतकऱ्याचा हक्क कुठल्या ना कुठल्या जुन्या दस्तात सापडतो. ढिवराचा सापडत नाही. त्याच्याकडे आहे तो सहकारी संस्थेचा ठेका, ठरावीक वर्षांचा, रक्कम भरून घेतलेला. त्या मुदतीत तळं सुधारलं तर पुढच्या ठेक्याला रक्कम वाढते, आणि पैसेवाल्या माणसाने संस्थेतल्या दोघा-चौघांना हाताशी धरलं तर तळं प्रत्यक्षात त्याच्याकडे जातं. दोन पावसाळे वाट बघणारी लागवड अशा मुदतीवर कोण करणार? संस्थेच्या सभासदांच्या यादीत बायकांची नावं कमी असतात, हा आणखी एक तिढा. लागवड त्यांची, नोंद नवऱ्याची.

२००६च्या वनहक्क कायद्यात एक वाट आहे. वनजमिनीवरच्या सामूहिक हक्कांत जलाशयांतले मासे आणि इतर उत्पन्न स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. जंगलाला लागून असलेल्या गावांना त्याचा आधार घेता येतो. ग्रामसभेने दावा करायचा, ठेक्याच्या मुदतीचा प्रश्नच उरत नाही. मैदानातल्या तळ्यांना मात्र तो लागू पडत नाही, आणि बरीचशी तळी मैदानात आहेत. तिथे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि संस्था अशा तिघांच्या मनात आलं तरच काही होतं. काठावरच्या अतिक्रमणाला हात लावायला तर तिघांनाही नको असतं. कारण तिथे एका टोकाला एक-दोन मोठे शेतकरी असतात आणि दुसऱ्या टोकाला ज्यांना खरोखर दुसरी जमीन नाही असे आठ-दहा जण. मोजणी झाली की आधी दुसऱ्या टोकाच्याच बांध्या मोडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पाळीवर जमलेल्यांपैकी जे गप्प होते, त्यांच्यातले बहुतेक या दुसऱ्या टोकाचे होते.

ज्या तळ्यावर मी लागवड बघायला गेलो होतो, त्याचं खोलीकरण पुढच्या उन्हाळ्यासाठी मंजूर झालं आहे. बचतगटाच्या बायकांनी ग्रामसभेत मागणी केली, की पाळीपासून ठरावीक अंतर सोडून खणा, गाळ पातळ थराने काढा, वरचा उथळ काठ आणि लागवडीचा पट्टा तसाच ठेवा, आणि मंजूर रकमेतून थोडे पैसे बेशरम काढायला आणि वनस्पती लावायला द्या. पहिल्या दोन गोष्टी करून बघू, असं उत्तर मिळालं. तिसरीसाठी तोंडी आश्वासन. चौथीला नकार, अंदाजपत्रकात माती आहे, मुरूम आहे, दगडी पिचिंग आहे, वनस्पतीचं हेड नाही. बायकांनी तिथेच आपसात हिशेब केला. बेशरम त्या स्वतः काढतील. रोपं आणायला टेम्पो लागेल, त्याचं भाडं गटाच्या बचतीतून द्यायचं, आणि ज्या गावच्या तळ्यातून रोपं आणायची त्या गटाला बदल्यात आपल्या तळ्यातला कमळाचा कांदा द्यायचा. तारीख मात्र जेसीबी किती दिवस थांबतो त्यावर.